बॅटरी उतरली, पण वीज गेली कुठे?

मुंबई बंदरात शिडाच्या होड्यांचा मोसम साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्याची चाहूल लागली की लहान होड्या पाण्याबाहेर काढून आधारांवर उभ्या केल्या जातात आणि त्यांच्यावर ताडपत्री बांधली जाते. कोकणातले मच्छीमारही याच सुमाराला नौका शाकारायला घेतात. पण यांत्रिकी मासेमारीवरची बंदी १ जून ते ३१ जुलै एवढीच असते, त्यामुळे मासेमारीच्या नौकांना दोन-अडीच महिन्यांत पुन्हा जाग येते. हौसेची शिडाची होडी मात्र पूर्ण चार महिने पडून राहते. मालक ऑक्टोबरात येतो, मुख्य स्विच फिरवतो. केबिनमधला दिवा मिणमिणतो, रेडिओ लागून लगेच बंद पडतो, इंजिनाच्या स्टार्टरमधून नुसता ‘टक्’ असा आवाज येतो.

बहुतेकांचा पुढचा प्रवास थेट बॅटरीच्या दुकानाकडे होतो. नवी बॅटरी बसते, मोसम पार पडतो आणि पुढच्या ऑक्टोबरात तोच प्रकार पुन्हा घडतो. कारण बॅटरी बदलली तरी बॅटरी उतरवणारी गोष्ट होडीत तशीच राहिलेली असते. म्हणून या प्रकरणात आपण उलट्या बाजूने सुरुवात करू. बॅटरीत साठवलेली वीज गेली कुठे, हा पहिला प्रश्न. बॅटरी वाचेल का, हा दुसरा. नवी कोणती घ्यायची, हा अगदी शेवटचा. आणि पुष्कळदा त्याची वेळच येत नाही.

शिसं, आम्ल आणि पाणी

लहान होड्यांवर आजही बहुतेक ठिकाणी शिसे-आम्ल बॅटरीच असते. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शिशाचे दोन पत्रे गुंडाळून, मध्ये रबराच्या पट्ट्या ठेवून, सौम्य गंधकाम्लात बुडवले आणि पुन्हा पुन्हा भरता येणारी पहिली बॅटरी तयार झाली. कामी फोर यांनी १८८१ च्या सुमारास पत्र्यावर शिशाच्या ऑक्साइडचा लेप देण्याची युक्ती काढली, तेव्हा ती कारखान्यात बनवण्याजोगी झाली. मूळ रसायन आजही तेच आहे.

बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा घरं, म्हणजे सेल असतात. प्रत्येक सेलमध्ये शिशाच्या आणि शिशाच्या डायऑक्साइडच्या प्लेटा आम्लात उभ्या असतात. बॅटरी वीज देते तेव्हा दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट साचतं, आम्लातलं गंधकाम्ल खर्ची पडतं आणि पाणी तयार होतं. चार्ज करताना हेच उलटं घडतं. म्हणजे बॅटरी किती भरलेली आहे याचा हिशेब तिच्या आम्लाच्या दाटपणातच लिहिलेला असतो. हा दाटपणा मोजण्याचं साधन म्हणजे हायड्रोमीटर. काचेच्या नळीतला तरंगता काटा १.२६५ च्या आसपास दिसला तर सेल भरलेला, १.१९० दिसला तर अर्धा, १.१२० पर्यंत खाली गेला तर रिकामा.

एक सोयीचा ठोकताळा लक्षात ठेवावा: दाटपणाच्या आकड्यात ०.८४५ मिळवले की सेलचा विश्रांतीतला व्होल्टेज येतो. १.२६५ चा सेल २.११ व्होल्ट दाखवतो, असे सहा म्हणजे साधारण १२.६६. उष्ण प्रदेशासाठी बनवलेल्या काही बॅटऱ्यांत आम्ल मुद्दाम थोडं पातळ, १.२४० च्या आसपास ठेवतात, कारण उष्णतेत दाट आम्ल प्लेटा लवकर झिजवतं. अशी बॅटरी पूर्ण भरलेली असूनही १२.५ व्होल्टच दाखवते. थंड देशांसाठी छापलेला तक्ता पाहून ती ‘पाऊण भरलेली’ ठरवणं चूक आहे. आपल्या बॅटरीच्या माहितीपत्रकात भरलेल्या आम्लाचा आकडा असतो, तो आधी पाहावा.

नुसतं पडून राहण्याची किंमत

बॅटरीच्या तारा सोडवून ठेवल्या तरी ती हळूहळू उतरतेच. शुद्ध रसायनशास्त्राच्या हिशेबाने पाहिलं तर गंधकाम्लात बुडवलेल्या शिशातून हायड्रोजन सुटत राहायला हवा आणि बॅटरी झपाट्याने संपायला हवी. तसं होत नाही, कारण शिशाच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचे बुडबुडे तयार होणं फार जड जातं. जुन्या पद्धतीच्या प्लेटांमध्ये शिशाला मजबुती यावी म्हणून अँटिमनी मिसळतात. ही अँटिमनी काळानुसार ऋण प्लेटवर जाऊन बसते आणि हायड्रोजनचं काम सोपं करून ठेवते. म्हणून पाणी घालावं लागणारी जुनी बॅटरी बिनवापराची ठेवली तर जास्त वेगाने उतरते. अँटिमनीऐवजी कॅल्शियम वापरलेल्या ‘मेंटेनन्स फ्री’ बॅटऱ्या आणि काचतंतूंच्या गादीत आम्ल शोषून धरलेल्या एजीएम बॅटऱ्या पुष्कळ सावकाश उतरतात.

तापमान हा यातला मोठा खेळाडू. साधारण दहा अंश तापमान वाढलं की आपोआप उतरण्याचा वेग दुप्पट होतो. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर होड्या हिवाळ्यात बाहेर काढतात. तिथे पूर्ण भरलेली, तारा सोडवलेली बॅटरी बर्फात सुखाने झोपते, कारण थंडीत रसायनं सुस्तावतात. तिथला धोका वेगळा: रिकाम्या बॅटरीतलं आम्ल जवळजवळ पाणीच झालेलं असतं, ते शून्याखाली सात ते दहा अंशांतच गोठतं आणि खोकं तडकवतं. भरलेल्या बॅटरीला मात्र तिथली नेहमीची थंडी गोठवू शकत नाही. आपल्याकडे गोठण्याची भीती नाही. ताडपत्रीखालच्या बंद केबिनमधल्या दमट उष्णतेत चार महिने काढणं हीच इथली परीक्षा.

उतरणं एकवेळ परवडलं. उतरलेल्या अवस्थेत पडून राहणं परवडत नाही. ताजं लेड सल्फेट बारीक कणांचं असतं आणि चार्जिंगने सहज विरघळतं. पण आठवडे गेले की ते कण एकमेकांच्या जिवावर वाढतात. बरणीतलं बारीक मीठ पावसाळ्यात घट्ट खडा होऊन बसावं, तसं ते प्लेटवर बसतं. या खड्यांतून वीज जात नाही, आम्लही आत शिरत नाही. प्लेटचा तेवढा भाग कामातून जातो. याला सल्फेशन म्हणतात आणि साठवणीतल्या बॅटऱ्यांचा सर्वांत मोठा शत्रू हाच. मे महिन्यात अर्धी भरलेली सोडलेली बॅटरी ऑक्टोबरात निकामी निघते ती त्यामुळे. तिने चार महिने वीज दिलेली नसते, तरी ती म्हातारी झालेली असते.

मुख्य स्विच बंद होता, तरी?

आता संशयितांकडे वळू. ‘मी मुख्य स्विच बंद केला होता’ हे वाक्य खरं असतं, पण पुरेसं नसतं. कारण होडीवर काही तारा मुद्दाम मुख्य स्विचला वळसा घालून थेट बॅटरीला जोडलेल्या असतात. तळात साचलेलं पाणी उपसणारा बिल्ज पंप हा त्यांतला प्रमुख. मालक नसतानाही तो चालायला हवा म्हणून ही सोय. त्याशिवाय स्वयंपाकाच्या गॅसची गळती ओळखणारं यंत्र, म्युझिक सिस्टीमची स्मरणशक्ती, बॅटरीवर नजर ठेवणारा मीटर, सौर पॅनेलचा नियंत्रक हे सगळे थोडी थोडी वीज पीत राहतात.

थोडी म्हणजे किती? ५० मिलिअँपिअर धरा. एका लहानशा लाल दिव्याच्या नि सर्किटच्या भुकेइतकी. दिवसाला १.२ अँपिअर-तास. चार महिन्यांच्या १२० दिवसांत १४४ अँपिअर-तास. होडीवरची बॅटरी १०० अँपिअर-तासांची असेल तर तिसरा महिना संपण्याच्या सुमारास ती कोरडी पडते, आणि उरलेला काळ सल्फेशनच्या हवाली होतो. २० मिलिअँपिअरची गळतीसुद्धा त्याच काळात निम्मी बॅटरी रिकामी करते, आणि त्यात आपोआप उतरणं धरलेलंच नाही.

बिल्ज पंपाची गोष्ट जरा निराळी. मुंबईत पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. होडी जमिनीवर असली तरी पाणी आत येतं: डोलकाठी डेकमधून आरपार तळापर्यंत जात असेल तर तिच्या पोकळीतून, झाकणांच्या सुकलेल्या रबरातून, पानं अडकून तुंबलेल्या निचऱ्याच्या भोकांतून. तरीही पाणी उपसून उपसून बॅटरी संपणं तितकं सोपं नाही. लहान पंप दोन-अडीच अँपिअर घेतो आणि तासाला शेकडो लिटर पाणी फेकतो. बॅटरी बहुधा पाण्याने संपत नाही. संपते ती अडकलेल्या फ्लोट स्विचने. कचरा, तेलकट गाळ किंवा तुटलेली तार यांमुळे तरंगता स्विच वरच राहिला, तर कोरडा पंप दिवसाला ६० अँपिअर-तास खातो. १०० अँपिअर-तासांची बॅटरी दोन दिवसही पुरत नाही.

दुसरी खोड अधिक बेरकी. पंप थांबला की नळीत उभं राहिलेलं पाणी मागे तळात येतं. तेवढ्याने फ्लोट उचलला जातो, पंप पुन्हा सुरू होतो, तेच पाणी नळीत चढवतो, थांबतो, पाणी परत उतरतं. बाहेर एक थेंब न टाकता हा खेळ रात्रंदिवस चालू शकतो. जमिनीवर ठेवलेल्या होडीच्या तळाला निचऱ्याचं बूच असेल तर ते काढून ठेवणं हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय. फक्त होडी पुन्हा पाण्यात सोडण्याआधी ते बसवायला विसरू नये.

तपासणी: आधी डोळे, मग मीटर

बॅटरीजवळ काम करण्याआधी केबिन उघडी करून हवा खेळू द्यावी. चार्जिंगच्या वेळी निघालेला हायड्रोजन हवेत चार टक्क्यांच्या वर गेला की ठिणगीने भडकतो. डोळ्यांना चष्मा, हातातली अंगठी-कडं बाजूला, आणि शेजारी खायच्या सोड्याचं पाणी. तारा काढताना ऋण टोक आधी, जोडताना ते सर्वांत शेवटी. त्यामुळे पान्हा चुकून इंजिनाला लागला तरी शॉर्ट होत नाही.

पहिली पाहणी नुसत्या डोळ्यांनी. खोकं फुगलंय का, तडा आहे का, सेलमधलं पाणी प्लेटांच्या खाली गेलंय का, टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड आहे का. बॅटरीच्या माथ्यावर खारट ओल आणि धूळ असेल तर मीटरचं एक टोक ऋण टर्मिनलला आणि दुसरं त्या मळलेल्या प्लास्टिकवर टेकवून पाहा. काटा हलला, तर वीज त्या मळातूनच वाहते आहे. सोड्याच्या पाण्याने माथा पुसावा. मात्र झाकणं घट्ट हवीत, सोडा सेलमध्ये गेला तर आम्ल मारतो.

जाता जाता एक जुना समज. सिमेंटच्या जमिनीवर ठेवली की बॅटरी उतरते, असं अजूनही सांगतात. लाकडी पेट्यांच्या काळात त्यात थोडं तथ्य होतं. आजच्या प्लास्टिकच्या खोक्यातून जमिनीत वीज झिरपत नाही. खाली लाकडाची फळी ठेवायला हरकत नाही, पण तिच्यामुळे बॅटरी वाचेल अशी आशा नको.

दोन बॅटऱ्या समांतर जोडलेल्या असतील तर त्या सुट्या करा. हा टप्पा वगळला की पुढचं प्रत्येक मोजमाप फसवं निघतं, कारण आजारी बॅटरी निरोगी बॅटरीलाही आपल्या पातळीवर ओढते आणि मीटरला दोघींची सरासरी दिसते. आता प्रत्येकीचा व्होल्टेज मोजा. नेहमीच्या बॅटरीसाठी १२.६ च्या वर म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.९ च्या खाली म्हणजे रिकामी. नुकतीच चार्ज केलेली बॅटरी काही तास खोटा, चढा आकडा दाखवते. शक्य तर एक रात्र जाऊ द्यावी.

१०.५ च्या आसपास घुटमळणारा आणि चार्ज केल्यावरही तिथेच परतणारा आकडा वेगळी गोष्ट सांगतो. सहांपैकी एक सेल आतून शॉर्ट झालाय, उरलेले पाच काम करताहेत. पाच गुणिले २.१, बरोबर १०.५. यावर इलाज नाही. पाणी घालता येण्याजोगी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर हेच स्वच्छ दाखवतो: पाच सेल एका आकड्यावर आणि एक बराच खाली.

व्होल्टेज कमी, पण सगळे सेल सारखेच खाली असतील तर आशा ठेवावी. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर घाला. पूर्ण पातळी चार्जिंगनंतर करा, नाहीतर फुगलेलं आम्ल बाहेर सांडेल. मग क्षमतेच्या दहाव्या हिश्शाहून कमी करंटने, सावकाश, एक-दोन दिवस चार्ज करा. पुष्कळ ‘स्मार्ट’ चार्जर फार उतरलेली बॅटरी ओळखतच नाहीत आणि सुरू व्हायला नकार देतात. अशा वेळी चांगली बॅटरी थोडा वेळ समांतर जोडून चार्जरला व्होल्टेज दाखवतात. तो सुरू झाला की चांगली बॅटरी काढून घेतात. ही युक्ती वापरताना बॅटरीपासून दूर जाऊ नये. खोकं हाताला चटका देण्याइतकं तापलं, सडक्या अंड्यासारखा वास आला, तर चार्जर आधी भिंतीकडच्या बटणावर बंद करायचा, मग तारांना हात लावायचा. पाणी घालता येणाऱ्या बॅटरीला शेवटी थोड्या चढ्या व्होल्टेजवर काही तास ठेवलं तर सल्फेटचा काही भाग सुटतो. जेल आणि एजीएम बॅटऱ्यांना हा उपचार बनवणाऱ्याने सांगितल्याशिवाय देऊ नये. त्यांतलं उडालेलं पाणी परत भरता येत नाही.

व्होल्टेज परत आला म्हणजे बॅटरी परत आली असं नाही. सल्फेशन झालेल्या बॅटरीचा साठाच लहान झालेला असतो, आणि लहान साठा लवकर भरतो. म्हणून शेवटची परीक्षा भाराची. १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीवर ५ अँपिअरचे दिवे दहा तास चालवा, मग तिला विश्रांती देऊन मोजा. १२.२ च्या जवळ आकडा आला तर तिची क्षमता शाबूत आहे. चार तासांतच दिवे मंदावले तर ती निम्म्याहून कमी उरली आहे. इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीसाठी गॅरेजवाल्याकडचा लोड टेस्टर बरा: खोक्यावर छापलेल्या सीसीए (म्हणजे थंडीत इंजिन सुरू करण्याच्या करंटच्या) आकड्याच्या निम्मा भार १५ सेकंद दिला असता व्होल्टेज ९.६ च्या खाली जाता कामा नये.

बॅटरी निर्दोष, तरी दिवा लागत नाही

मीटरवर १२.६ आणि स्टार्टर मुका, असंही होतं. तेव्हा दोष वाटेत असतो. समुद्राची खारी हवा तांब्याच्या तारेत आवरणाखालून शिरते; बाहेरून धडधाकट दिसणारी तार सोलून पाहिली तर आत काळी पडलेली असते. म्हणून होड्यांसाठी कथिलाचा मुलामा दिलेली तार वापरतात. शोधण्याची रीत अशी: कुणाला तरी स्टार्टर दाबायला सांगा आणि त्याच वेळी मीटरचं एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटाला, दुसरं त्यावरच्या क्लॅम्पला टेकवा. दोन्ही एकमेकांना घट्ट टेकलेले असतात, म्हणून आकडा शून्याजवळ हवा. तिथे अर्धा-एक व्होल्ट दिसला तर तो सांधा वीज अडवतो आहे. असंच पुढे स्विच, फ्यूज, अर्थिंगची तार, एकेक सांधा तपासत जावं. हा दोष पॉलिश पेपर आणि थोड्या ग्रीसने मिटतो.

गळती पकडणं

आता मूळ प्रश्न. बॅटरी भरलेली आहे, सगळी बटणं बंद आहेत. ऋण टर्मिनलची तार सोडवा आणि तार व टर्मिनल यांच्या मध्ये मीटर अँपिअर मोजण्यासाठी लावा. सुरुवात १० अँपिअरच्या खोबणीने करा आणि मीटर जोडलेला असताना स्टार्टरला हात लावू नका, नाहीतर मीटरचा फ्यूज उडेल. एक-दोन मिलिअँपिअर दिसले तर चिंता नको. ३०, ५०, ८० दिसले तर चोर घरात आहे. एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा कोसळतो, ती त्याची खोली. सगळे फ्यूज काढूनही आकडा हलला नाही, तर थेट बॅटरीला जोडलेल्या तारा शोधा. बिल्ज पंपाचा फ्लोट हाताने वर-खाली करून पाहा. आधीच्या मालकाने कधीतरी जोडलेली आणि नंतर सगळे विसरलेली एखादी तार बॅटरीच्या खुंटावर सापडणं हा जुन्या होड्यांचा नेहमीचा अनुभव.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी असेल तर एक वेगळं चित्र दिसतं: मीटरवर सरळ शून्य. व्होल्टेज फार खाली गेला की तिच्या आतलं संरक्षक सर्किट बाहेरचा संबंध तोडतं. योग्य चार्जर लावला की ती बहुधा पुन्हा जागी होते. तिला साठवताना पूर्ण भरायची गरज नसते. निम्म्यावर ठेवलेलीच बरी, आणि तारा सोडवलेल्या.

पुढच्या मे महिन्यासाठी

शिसे-आम्ल बॅटरीचा नियम मात्र पक्का आहे: पूर्ण भरून, टर्मिनल सोडवून ठेवावी आणि महिन्या-दीड महिन्याने पुन्हा भरावी. काढून घरी नेता आली तर उत्तम. सावलीतली हवेशीर जागा केबिनपेक्षा थंड असते. नेता येत नसेल तर नियंत्रक लावलेलं लहान सौर पॅनेल चालतं, पण ते ताडपत्रीच्या वर हवं, आणि पावसाळी ढगांत त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नयेत. कायम लावून ठेवलेला चार्जर १३.५ च्या आसपास स्थिरावणारा असावा. त्याहून चढा व्होल्टेज आपल्या उष्णतेत पाणी उडवतो आणि प्लेटा उघड्या पाडतो.

खोक्यावर मार्करने दोन गोष्टी लिहून ठेवाव्यात: साठवतानाची तारीख आणि त्या दिवशीचा व्होल्टेज. ऑक्टोबरात तिसरा आकडा मिळाला की हिशेब मांडता येतो. सुटी ठेवलेली बॅटरी १२.६५ वरून १२.४ वर आली तर ती नैसर्गिक घट. ११.५ वर आली तर बॅटरीचंच आयुष्य संपत आलंय, कारण तिला बाहेरून कुणी रिकामी केलेलं नाही. आणि जोडलेली ठेवून ११.५ वर आली, तर मीटर घेऊन फ्यूजच्या पेटीकडे वळायचं. टर्मिनल सोडवण्याचा खरा फायदा हाच की संशयितांची यादी एकदम अर्धी होते.

इतकं करूनही बॅटरी निकामी ठरली तर ती भंगारात न फेकता विक्रेत्याकडे परत द्यावी. भारतात हे २००१ पासूनच्या नियमांत आहे आणि २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवर ती परत घेण्याची जबाबदारी टाकली आहे. तिच्यातलं शिसं वितळवून नव्या बॅटरीत वापरलं जातं. तेच शिसं उघड्यावर गेलं तर माती आणि विहिरी नासवतं. नवी बॅटरी बसवण्याआधी गळतीचं मोजमाप पुन्हा एकदा घ्यावं. तो आकडा दोन मिलिअँपिअरच्या खाली आला असेल, तरच नव्या बॅटरीवर घातलेले पैसे पुढच्या पावसाळ्यापलीकडे पोहोचतील.